उंच टोपलीचा खेळ आणि अंगबळ

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. एखाद्या खेळाचा इतिहास व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर कशाला, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु खेळ हे शरीराचे काम आहे. शरीराच्या कामाविषयी लोकांनी त्या त्या काळी कोणत्या समजुती बाळगल्या, त्या कोणी तपासून पाहिल्या आणि तपासणी होईपर्यंत किती जणांचे गुडघे कामी आले, हाही इतिहासच होय. आम्ही येथे ज्या प्रश्नाचा विचार करणार आहोत तो दिसायला लहान आहे : बास्केटबॉल खेळणाऱ्याला वजने उचलून कमावलेली ताकद आणि उंच उडी यांची खरोखर गरज आहे काय?

या प्रश्नाची दोन तयार उत्तरे आपल्याला मैदानावर ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, हा खेळ हाताचा आणि नजरेचा; लोखंड उचलाल तर अंग जखडेल आणि हात जड होईल. दुसरा पक्ष म्हणतो, ज्याला उडी नाही तो खेळाडूच नव्हे. या दुसऱ्या पक्षाचे शिक्षक मुलांना रांगेत उभे करतात, एका नजरेत उंची आणि एका उडीत लायकी ठरवतात, आणि उरलेल्या मुलांच्या वाट्याला बाहेर गेलेले चेंडू आणून देण्याचे काम येते. आमच्या मते दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत. ती अर्धवट का, हे कळण्यासाठी या खेळाच्या जन्मापासून सुरुवात केली पाहिजे.

निश्चित जन्मस्थान आणि निश्चित जनक असलेले खेळ थोडे. बास्केटबॉल हा त्यांपैकी एक. सन १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्प्रिंगफील्ड या गावी, वाय. एम. सी. ए. संस्थेच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ नावाचा तीस वर्षांचा शिक्षक होता. मूळचा तो कॅनडातला. लहानपणीच आईबापांचे छत्र हरपलेले, शाळा मध्येच सोडून काही वर्षे जंगलात लाकूडतोडीच्या कामावर काढलेली, आणि मग जिद्दीने पुन्हा शिक्षणाकडे वळलेला असा हा गृहस्थ. हिवाळ्यात बाहेर बर्फ पडे, आणि बंद व्यायामशाळेतील त्याच त्या कवायतीला विद्यार्थी कंटाळून गेलेले असत. विद्यालयाचे ल्यूथर गुलिक यांनी नेस्मिथला चौदा दिवसांची मुदत देऊन सांगितले की, या वर्गासाठी बंद जागेत खेळता येईल असा एखादा नवा खेळ शोधून काढा.

नेस्मिथने आधी फुटबॉलसारखे मैदानी खेळ आत आणून पाहिले. धक्काबुक्की होऊन मुले जखमी होऊ लागली. तेव्हा तो शांतपणे विचार करीत बसला, आणि त्या विचाराची पद्धत मोठी लक्षात ठेवण्याजोगी आहे. धक्काबुक्की का होते? चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवावे लागते म्हणून. मग चेंडू घेऊन पळायचेच नाही, असा नियम केला. चेंडू जोराने का मारतात? गोल समोर उभा असतो म्हणून. मग गोल आडवा ठेवून तो डोक्याच्या वर नेला, म्हणजे चेंडू हलक्या हाताने, कमानीत टाकावा लागेल आणि नुसत्या जोराचा काही उपयोग उरणार नाही. लहानपणी तो दगडावर ठेवलेला दगड नेम धरून पाडण्याचा, आपल्या लगोरीची आठवण व्हावी असा एक खेळ खेळत असे. त्यातही जोरात भिरकावलेल्या दगडापेक्षा कमानीत टाकलेला दगड अधिक फायद्याचा, हा अनुभव त्याला होता. शिपायाने पीच फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फुटांवर होता, म्हणून टोपली दहा फुटांवर गेली. ती उंची कोणत्याही शास्त्राने ठरवलेली नव्हती. तरी ती आजतागायत तशीच आहे. एका बाजूला नऊ असे अठरा विद्यार्थी खेळले, आणि संपूर्ण सामन्यात एकच गोल झाला.

यातील मर्म असे की, ज्या खेळाविषयी आपण ताकदीचा प्रश्न विचारीत आहोत, तो खेळ ताकदीचा माज मोडण्यासाठीच निर्माण झाला होता. पण टोपली डोक्याच्या वर गेल्यामुळे दुसरीच एक गोष्ट घडली. नेस्मिथने बळाला मज्जाव केला, आणि उंचीला व उडीला मात्र मोकळी वाट मिळाली. पुढील साऱ्या इतिहासात नियम करणारे आणि खेळणारे यांच्यात जी रस्सीखेच दिसते तिचे मूळ येथे आहे.

आरंभीच्या खेळात उडीचे काम एका ठरावीक जागी असे. प्रत्येक गोलानंतर चेंडू मैदानाच्या मध्यभागी आणून दोन खेळाडूंमध्ये उंच टाकीत, आणि ज्याची उडी वरचढ त्याच्या बाजूला चेंडू जाई. साहजिकच प्रत्येक संघ मधल्या जागेसाठी एक उंच माणूस शोधी. अमेरिकेत हा नियम १९३७ साली रद्द झाला, आणि त्यानंतर गोल होताच चेंडू लगेच खेळात येऊ लागला. खेळाची गती वाढली, माणसे अधिक धावू लागली. तोवर १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये या खेळाला जागतिक मान्यता मिळालेली होती. तेथील अंतिम सामना उघड्या मैदानावर, पावसात आणि चिखलात झाला. अमेरिकेने कॅनडाला १९ विरुद्ध ८ असे हरवले. चिखलात चेंडू टप्पा घेईना, आणि पायाखाली पक्की जमीन नसेल तर उडीही उडत नाही. जमिनीचा हा मुद्दा आम्ही मागाहून पुन्हा घेणार आहोत.

पुढे उंच माणसांचा काळ आला. बॉब कर्लंड हा सात फुटांचा आणि जॉर्ज मायकन हा सहा फूट दहा इंचांचा. टोपलीत उतरत असलेला चेंडू हे दोघे वरच्यावर हाताने उडवून देत. त्यामुळे १९४४ साली महाविद्यालयीन खेळात अशा चेंडूला हात लावण्यास बंदी करावी लागली. मायकनची हकिकत मात्र आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. १९४२ मध्ये शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात आला तेव्हा हा चष्मेवाला तरुण बेंगरूळ होता. उंची होती, पण त्या उंचीवर ताबा नव्हता. तेथील प्रशिक्षक रे मायर यांनी त्याला दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या, मुष्टियुद्धाचे हात करायला लावले, नृत्याचे धडे देवविले, आणि टोपलीखाली उभे राहून एकदा उजव्या, एकदा डाव्या हाताने शेकडो वेळा चेंडू टाकण्याचा सराव करून घेतला. तो सराव आजही मायकनच्या नावाने ओळखला जातो. पुढे हाच मायकन मिनियापोलिसच्या संघाला एकामागून एक अजिंक्यपदे मिळवून देणारा खेळाडू झाला. निसर्गाने दिलेली उंचीसुद्धा कमावल्याखेरीज कामाला आली नाही, हे यावरून दिसते.

उंचांच्या या राज्यात बुटक्याने काय करावे? याचे उत्तर वायोमिंगच्या एका शेतावर मिळाले. केनी सेलर्स हा तेरा वर्षांचा मुलगा आपल्या थोरल्या, बराच उंच असलेल्या भावाबरोबर पवनचक्कीच्या खांबाला लावलेल्या कड्यावर खेळत असे. भाऊ प्रत्येक चेंडू अडवी. १९३४ साली एकदा या मुलाने जागच्या जागी उडी घेतली आणि हवेत असतानाच चेंडू टाकला. पुढे १९४३ मध्ये वायोमिंग विद्यापीठाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले त्यात याच उडीचा मोठा वाटा होता. उडी घेऊन फेकण्याच्या शोधाचे श्रेय इतरही काही जणांना दिले जाते. त्या वादात आम्ही पडत नाही. महत्त्वाचे हे की, उडी येथे दांडगाईचे साधन म्हणून आली नाही, ती दुर्बळ बाजूची गरज म्हणून आली. आणि ती नुसती उंच असून भागत नव्हते. उडीच्या माथ्यावर, क्षणभर स्थिर वाटणाऱ्या अवस्थेत, हात आणि नजर यांना आपले काम करता यावे लागे. अशी उडी पुन्हा पुन्हा, दमलेल्या पायांनीही, सारखीच घेता येणे हे ताकदीचेच काम आहे. फक्त ती ताकद डोळ्यांना दिसत नाही.

बचावाच्या बाजूने हेच कार्य बिल रसेल याने केले. त्या काळचे प्रशिक्षक शिकवीत की, चांगल्या बचावपटूने पाय जमिनीवरून उचलू नयेत. रसेल हा सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा विद्यार्थी. उंच उडीच्या शर्यतीत सहा फूट नऊ इंचांहून अधिक उंची ओलांडणारा. त्याने ती शिकवण मोडली. तो उडी घेऊन चेंडू अडवी, आणि चेंडू प्रेक्षकांत भिरकावण्याऐवजी अलगद आपल्या सोबत्याकडे वळवी. १९५५ आणि १९५६ ची महाविद्यालयीन विजेतेपदे, १९५६ चे मेलबर्न येथील ऑलिंपिक सुवर्णपदक, आणि नंतर बॉस्टनच्या संघातून तेरा हंगामांत अकरा अजिंक्यपदे, एवढे त्याचे संचित आहे. गंमत अशी की, अडवलेल्या चेंडूंची अधिकृत मोजदाद अमेरिकेच्या व्यावसायिक स्पर्धेत १९७३ च्या हंगामापासून सुरू झाली, आणि रसेल निवृत्त झाला १९६९ मध्ये. ज्याने हे काम जगाला शिकवले त्याच्या नावावर वहीत त्या कामाची नोंद नाही. कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसांना याचे नवल वाटू नये. वहीत चढत नाही ते काम झालेच नाही, असे मानणारे मालक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

आता ताकदीकडे वळू. विसाव्या शतकाच्या निम्म्या भागापर्यंत अमेरिकेतील बहुतेक प्रशिक्षक आपल्या खेळाडूंना वजनांच्या जवळ फिरकू देत नसत. वजने उचलणाऱ्याचे स्नायू जखडतात, हात आखडतो, चपळाई जाते, अशी पक्की समजूत होती. ती तपासली गेली तीही, योगायोगाने, स्प्रिंगफील्डलाच, नेस्मिथच्या त्याच विद्यालयात. तोवर ते स्प्रिंगफील्ड कॉलेज या नावाने नावारूपाला आले होते. शरीरशास्त्राचे तेथील अध्यापक पीटर कार्पोविच हे स्वतः या समजुतीचे होते. १९४० मध्ये जॉन ग्रिमेक आणि स्टीव्ह स्टँको हे दोन नामांकित वजनउचले तेथे प्रात्यक्षिकासाठी आले. कार्पोविच यांनी भर सभेत ग्रिमेकला विचारले, आपण आपली पाठ खाजवून दाखवाल काय? सभा हसली. ग्रिमेकने एकदा वरून, एकदा खालून, दोन्ही हातांनी पाठ खाजवून दाखवली, आणि नंतर पाय दोन्ही दिशांना सरळ पसरून तो जमिनीवर बसला. जखडलेल्या अंगाला हे जमत नाही.

कार्पोविच यांचा मोठेपणा असा की, ते हसण्यावारी नेऊन थांबले नाहीत. त्यांनी आणि त्यांचे सहकारी विल्यम झॉरबास यांनी सहाशे पुरुषांच्या हाताच्या हालचालीचा वेग मोजला. तीनशे वजने उचलणारे, तीनशे न उचलणारे. १९५१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : वजने उचलणाऱ्यांचे हात अधिक वेगाने फिरत होते. त्याआधी, १९४५ मध्ये, थॉमस डिलॉर्म या लष्करी डॉक्टराने शिकागोच्या रुग्णालयात युद्धात जखमी झालेल्या सैनिकांवर एक उपचार केला होता. दुखावलेल्या पायाला विश्रांतीच द्यायची, ही तेव्हाची रीत. डिलॉर्मने त्या पायाला वजन उचलायला लावले, आणि शक्ती येईल तसतसे ते वजन पायरीपायरीने वाढवले. पाय लवकर सुधारले. आजच्या साऱ्या वजनी व्यायामाचा पाया म्हणजे हे पायरीपायरीने वाढवणे होय.

येथे कोणी विचारील, ओझे वाहून ताकद येत असेल तर धान्यबाजारातील आमचे हमाल सर्वांत उंच उड्या का मारीत नाहीत? प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्या उत्तरात व्यायाम आणि श्रम यांतील भेद आहे. व्यायामात ओझे माणसाच्या ताकदीप्रमाणे ठरते. श्रमात ते पोत्याच्या मापाप्रमाणे ठरते. व्यायामात आज पाय थकले तर उद्या विसावा आणि पोटभर आहार असतो. श्रमात थकलेल्या पायांनीच उद्याची पाळी भरावी लागते. स्नायू वाढतो तो ओझ्यानंतरच्या विसाव्यात आणि अन्नात. तो विसावा आणि ते अन्न काढून घेतले तर तेच ओझे पाठीचे मणके आणि गुडघे झिजवते. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कामगारांसाठी कायदा झाला तो या माणसांच्या मजुरीला आणि कल्याणाला काही नियम असावा म्हणूनच. खेळाडूच्या बाबतीतही हा भेद नजरेआड करून चालत नाही.

अमेरिकन खेळाडूंना तो कळला होता. बॉब कूझी या खेळाडूने १९५४ मध्ये बास्केटबॉलपटूंची संघटना उभी करण्यास आरंभ केला. मालक दहा वर्षे टोलवाटोलवी करीत राहिले. १४ जानेवारी १९६४ रोजी बॉस्टन येथे निवडक खेळाडूंचा वार्षिक सामना होता. तो प्रथमच रात्रीच्या मुख्य वेळेत दूरचित्रवाणीवर दाखवला जाणार होता. संघटनेचे अध्यक्ष टॉम हाइनसोन, आणि त्यांच्याबरोबर रसेल, चेंबरलेन, रॉबर्टसन, वेस्ट असे वीस खेळाडू खोलीत बसून राहिले. पेन्शनचे वचन मिळाल्याशिवाय मैदानावर उतरणार नाही, असे त्यांनी कळवले. वचन मिळाले, आणि सामना थोड्या उशिराने सुरू झाला. पेन्शन कशासाठी? कारण या धंद्यात माणसाचे भांडवल म्हणजे त्याचे दोन गुडघे, आणि ते पस्तिशीच्या आत संपते. उडीची किंमत तिकीटबारीवर मालकाला मिळते आणि तिचा खर्च खेळाडूच्या सांध्यांत मांडला जातो. हा हिशेब त्या वीस जणांनी त्या रात्री मालकांपुढे ठेवला.

नियम करणाऱ्यांनीही उडीला आवर घालण्याचा आणखी एक प्रयत्न केला. ल्यू अल्सिंडर हा सात फुटांहून उंच विद्यार्थी कड्यावरून चेंडू थेट आत कोंबू लागला, तेव्हा १९६७ मध्ये महाविद्यालयीन खेळात असे कोंबणे निषिद्ध झाले. ही बंदी १९७६ पर्यंत राहिली. परिणाम काय झाला? अल्सिंडरने डोक्याच्या वरून, एका हाताने, कमानीत चेंडू सोडण्याची आपली पद्धत घासून पुसून लखलखीत केली. पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने तो वीस हंगाम खेळला आणि ३८,३८७ गुण मिळवून १९८९ मध्ये निवृत्त झाला. तो विक्रम २०२३ पर्यंत टिकला. आपल्या दीर्घ खेळाचे बरेचसे श्रेय तो योगासनांना देतो. वाढत्या वयात उडी कमी झाली तरी त्याचा हात, तोल आणि लवचीकपणा शेवटपर्यंत त्याच्या कामी आला.

मग उडी ही वस्तू तरी काय आहे? हार्वर्डच्या व्यायामशाळेचे डडली सार्जंट यांनी १९२१ मध्ये तिचे माप सुचवले : माणूस जागच्या जागी किती उंच उडतो ते मोजा, त्यावरून त्याच्या शरीरयंत्राची परीक्षा होईल. उडीची उंची ठरते ती पाय जमीन सोडताना असलेल्या वेगावरून, आणि तो वेग मिळवण्यासाठी खेळाडूच्या हाती सेकंदाचा एक लहानसा अंश असतो. म्हणून नुसते बळ पुरत नाही. ते बळ चटकन उतरले पाहिजे. मॉस्कोचे प्रशिक्षक युरी वर्खोशान्स्की यांनी १९६० नंतरच्या दशकात यासाठी एक रीत बसवली. खेळाडूने ठोकळ्यावरून खाली उतरायचे आणि पाय टेकताच तत्क्षणी वर उसळायचे. ताणलेला स्नायू आणि त्याची कंडरा स्प्रिंगेप्रमाणे काम करतात, हे त्यामागचे तत्त्व. परंतु ज्याच्या पायांत आधी बैठकांचे बळ साठलेले नाही, त्याने ही रीत घाईने उचलू नये, हा इशारा जाणकार नेहमी देत आले आहेत. आमच्या तालमीतील वस्तादही पोराला पहिल्या दिवशी जोडीशी झुंजवीत नसत. आधी जोर आणि बैठका, मग आखाडा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १९९५ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी तेथील अव्वल खेळाडूंच्या सामन्यांतील हालचाली मोजल्या. एका खेळाडूने एका सामन्यात सरासरी ४६ उड्या घेतल्या. पण हालचालीचा प्रकार जवळजवळ हजार वेळा बदलला, म्हणजे सुमारे दर दोन सेकंदांना एकदा. धावणे, थांबणे, वळणे, अंगाने अंग रोखणे, पुन्हा धावणे. १९९६ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात महाविद्यालयीन खेळाडूंना खेळायला किती वेळ मिळतो, याचा त्यांच्या शारीरिक चाचण्यांशी ताळा घेतला गेला. उडी, पायांची ताकद आणि वेग यांचा संबंध दिसून आला. पण प्रशिक्षकाने खेळाडूच्या खेळाविषयी केलेला अंदाजही अतिशय वजनदार ठरला. म्हणजे शरीराच्या परीक्षेत उडीला गुण आहेत, मात्र संपूर्ण प्रश्नपत्रिका उडीची नाही.

मोठ्या खेळाडूंची उदाहरणे हेच सांगतात. मायकेल जॉर्डनइतकी उडी थोड्यांना लाभली. तरीही १९८८, १९८९ आणि १९९० अशी लागोपाठ तीन वर्षे डेट्रॉइटच्या अंगाने भिडणाऱ्या संघापुढे त्याचा शिकागो संघ हरला. १९८९ मध्ये त्याने टिम ग्रोव्हर या प्रशिक्षकाला हाताशी धरून वजनांचा नियमित व्यायाम सुरू केला, आणि १९९१ मध्ये डेट्रॉइटला सरळ चार सामन्यांत हरवून शिकागोने पहिले अजिंक्यपद मिळवले. केवळ वजनांमुळे हे झाले असे आम्ही म्हणणार नाही. संघ आणि डावपेचही बदलले होते. पण धक्का सोसून हवेत तोल राखणे आता त्याला जमू लागले होते. स्टीफन करी हा उंचीने बेताचा; २०१२ पर्यंत त्याच्या घोट्यावर शस्त्रक्रिया झाल्या होत्या आणि त्याचा खेळच संपेल अशी भीती होती. त्याने घोट्यावरचा भार कमरेच्या स्नायूंकडे नेण्यासाठी जमिनीवरून वजन उचलण्याचा व्यायाम शिकून घेतला, आणि २०१५ व २०१६ मध्ये तो वर्षातील सर्वोत्तम खेळाडू ठरला. उलट बाजूला सर्बियाचा निकोला योकिच पाहा. त्याची उडी हा थट्टेचा विषय. पण २०२१, २०२२ आणि २०२४ मध्ये तोच सर्वोत्तम ठरला आणि २०२३ चे अजिंक्यपद त्याने डेन्व्हरला मिळवून दिले. त्याची नजर आणि हात यांची बरोबरी करणारे थोडे. पण टोपलीखाली उभा राहिला की त्याला हलवणे कठीण, हेही विसरता येत नाही. उडीविना मोठा झालेला खेळाडू दाखवता येतो. पायांत आणि कमरेत बळ नसताना मोठा झालेला खेळाडू दाखवणे फार अवघड आहे.

आणि उडी कितीही उंच असो, ती खाली उतरतेच. उतरताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार गुडघ्यावर येतो. मुलींच्या गुडघ्याच्या आतील अस्थिबंध अशा वेळी तुटण्याचे प्रमाण अधिक असते. १९९९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शाळकरी खेळाडूंपैकी काही मुलींना हंगामापूर्वी सहा आठवडे उडीचे, विशेषतः नीट उतरण्याचे आणि अंगबळाचे शिक्षण दिले होते. ज्यांना ते मिळाले नव्हते त्या मुलींत गुडघ्याच्या गंभीर दुखापती ३.६ पट निघाल्या. आमच्या दृष्टीने या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोलाचा आकडा हाच. ताकदीचा पहिला उपयोग उंच जाण्यासाठी नसून सुखरूप खाली येण्यासाठी आहे.

आपल्याकडे हा खेळ वाय. एम. सी. ए.च्याच वाटेने रुजला. १९२० मध्ये हॅरी क्रो बक यांनी मद्रासला शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले, आणि तेथून शिकलेले शिक्षक देशभर गेले. मुंबईत क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मिशनऱ्याने १९२७ मध्ये नागपाडा नेबरहूड हाउसची स्थापना केली. गिरणगावाला लागून असलेल्या त्या कष्टकरी वस्तीतून पुढे भारताचे कर्णधार अब्बास मुंतसिर घडले. १९७० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. दाटीच्या वस्तीत, थोड्या जागेत, एका चेंडूवर दहा मुले खेळू शकतात, म्हणून हा खेळ गरिबांना परवडतो. पण आपली पुष्कळशी मैदाने सिमेंटची आहेत. लाकडी जमीन थोडी दबते, सिमेंट दबत नाही. त्यावर पातळ तळाच्या बुटांनी, अर्धपोटी राहून, रोज शंभर उड्या मारणारा मुलगा व्यायाम करीत नाही. तो हमाली करीत आहे, आणि तीही बिनपगारी.

म्हणून शाळांच्या चालकांना आणि पालकांना आमचे सांगणे एवढेच की, मुलाची उंची व उडी पाहून त्याला बाहेर काढू नका. आधी हात आणि नजर तयार होऊ द्या. जोडीला स्वतःच्या अंगाच्या वजनाच्या बैठका आणि जोर असू द्या. मऊ जमिनीवर, गुडघे वाकवून, आवाज न करता उतरायला शिकवा. ते साधले की जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली वजने पायरीपायरीने वाढवा, आणि मगच उंच उडीच्या मागे लागा. उड्यांची मोजदाद ठेवा, आठवड्यात विसाव्याचे दिवस ठेवा, आणि सरावानंतर मुलाच्या पोटात काही पडेल याची तजवीज करा. वर्गणी गोळा करताना ढालींच्या आणि कमानींच्या खर्चाआधी या खर्चाचा विचार व्हावा. लाकूडतोडीचे कष्ट केलेल्या एका शिक्षकाने कोणीही जखमी होऊ नये म्हणून हा खेळ निर्माण केला. त्या हेतूला जागायचे असेल, तर ताकद हवी, उडीही हवी. पण ती ज्या पायांतून यायची त्या पायांची काळजी सर्वांआधी घेतली पाहिजे.